भिंतीवरचा तेरडा

तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण सहज म्हणून जातो. म्हण वापरताना बिचाऱ्या तेरड्याकडे मात्र कुणी नीट पाहत नाही. पोलादपूर-महाडकडच्या पुष्कळ घरांत भाद्रपदात गौर येते ती याच तेरड्याची. ओढ्याकाठची रोपे साडी नेसून, दागिने लेऊन पाटावर बसतात आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात जातात. पुढे वर्षभर ते फूल घरात कुठेच दिसत नाही. भिंतीवर पाहावे तर हॉलंडच्या ट्यूलिपचा ताटवा!

परदेशी फुलाशी माझे वैर नाही. पण घरात फुलाचे चित्र लावायचे कशासाठी? भिंत ओकीबोकी दिसू नये म्हणून, की चार दिवसांत कोमेजणारे काही वर्षभर पाहता यावे म्हणून?

आपल्या भिंतीवर फूल आले ते देवाच्या पायाखालून. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि कमळावर उभी असलेली लक्ष्मी घरोघर पोचली. पुढे रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल यांच्या चित्रांची कॅलेंडरे आली. मी बँकेत होतो तेव्हा डिसेंबर आला की कॅलेंडरासाठी काउंटरवर झुंबड उडे. कर्जाच्या पाहणीला पोलादपूरकडच्या वाड्यांवर जावे, तर जुनी कॅलेंडरे तारखा कापून, काच लावून टांगलेली दिसत. मातीच्या भिंतीवर एखादेच चित्र असे, कमळाचे नाहीतर गुलाबाचे. पण ते निवडलेले असे आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवले जाई.

आज मोबाइलमध्ये फुलांना तोटा नाही. सकाळच्या शुभेच्छांबरोबर ती येतात आणि दुपारी पुसली जातात. छापून भिंतीवर लावलेल्या चित्रासमोर मात्र रोज चहा प्यायचा असतो. म्हणून ते ओळखीच्या फुलाचे असावे. आपला चाकरमानी गावी येतो तो गणपतीला आणि शिमग्याला. तेरडा त्याला भेटतो, पळस भेटतो. पण वैशाखातला बहावा, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी त्याला बहुधा चुकतेच. मुंबईतल्या त्याच्या खोलीत घाटातल्या कारवीचा एक फोटो असला, तर गावाचे चुकलेले दिवस त्याला थोडे तरी परत मिळतील.

चित्र कुणी केले, हेही माहीत असावे. पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या सुमारास वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही. पानाची शीर न् शीर टिपणारा तो माणूस निनावीच राहिला. आपल्या गावात कॅमेरा घेऊन डोंगर चढणाऱ्या मुलामुलींचे तसे होऊ नये. त्यांना प्रिंटचे पैसे द्यावेत आणि मागच्या बाजूला त्यांचे नाव, फुलाचे नाव, जागा व तारीख लिहून घ्यावी.

मग जपणूक आली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात बुरशी आधी कागदावर चढते. काच फोटोला टेकू देऊ नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची कड ठेवावी. चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले, की ती ओल्या भिंतीपासून सुटी राहते. थेट उन्हात चित्र लावू नये, रंग उडतात. आणि फोटोची मूळ प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडेही असू द्यावी. जुलै २०२१ च्या पुरात महाडमधल्या किती तरी घरांतल्या तसबिरी आणि अल्बम चिखलात गेले. भांडीकुंडी पुन्हा घेता आली. ते फोटो कुठून आणणार?

पूर्वी या भागात कारवीच्या काठ्या विणून, त्यावर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती उभ्या राहत. कारवी तेव्हा भिंतीतच असे. सिमेंटच्या घरांतून ती गेली. येत्या दिवाळीत घराला रंग काढाल, तेव्हा एक खिळा तिच्या फुलासाठी राखून ठेवा.