नेपल्सच्या बंदरातून तेरकडे

धाराशिव जिल्ह्यातील माणसाला समुद्र पाहायचा तर आधी बालाघाटचा डोंगर आणि मग सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. तरीही अलीकडे येथील काही घरांत क्रूझ सहलीची माहितीपत्रके उलटली जाऊ लागली आहेत. मुलगा किंवा मुलगी परदेशी स्थिरावलेली असते, निवृत्तीची रक्कम हाती आलेली असते आणि आईवडिलांना एकदा तरी जग दाखवावे, ही मुलांची इच्छा असते. जहाज रात्री चालते, सकाळी नव्या बंदराला लागते. खोली तीच, सामान तेथेच. गुडघे कुरकुरू लागलेल्या वयात ही सोय थोडी नव्हे.

मात्र जहाजावरील भोजनगृह आणि करमणूक सर्वत्र बहुतांशी सारखीच असते. सहलीचे खरे मोल ठरते ते बंदरावर उतरल्यानंतरच्या काही तासांत. या तासांचा जमाखर्च मांडल्याशिवाय सहल नोंदवू नये.

माहितीपत्रकात ‘रोम’ असे छापलेले असते; जहाज लागते ते चिव्हितावेक्किया या बंदराला. तेथून रोम सुमारे ७० किलोमीटर. सकाळी ८ ते सायंकाळी ६ असा मुक्काम धरला तर १० तास जमा. उतरण्याच्या गर्दीत १ तास, जाण्यायेण्यात ३ तास आणि परतीसाठी राखून ठेवायचा १ तास, असे ५ तास खर्ची पडतात. शिल्लक उरलेल्या ५ तासांत कलोसियम, व्हॅटिकन आणि भोजन बसवण्याचा आग्रह धरला, तर पदरात छायाचित्रे पडतात आणि रोम राहून जाते. ‘फ्लॉरेन्स’चीही तीच गत, जहाज लिव्होर्नोला लागते. आपल्याकडेही ‘गोवा’ म्हणजे मुरगाव बंदर; जुन्या गोव्याची चर्चे तेथून सुमारे ३० किलोमीटरवर आहेत. काही ठिकाणी, उदाहरणार्थ ग्रीसमधील सान्तोरिनी बेटापाशी, मोठे जहाज समुद्रातच थांबते आणि प्रवाशांना लहान नौकांतून किनाऱ्यावर नेतात. त्या रांगेचा वेळही खर्चाच्या बाजूला लिहावा.

नेपल्स याला अपवाद आहे. तेथे जहाज थेट शहराच्या मध्यात लागते. बहुतेक प्रवासी बसने पाँपेईकडे निघतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले ते नगर पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही. परंतु उन्हात दगडी रस्त्यांवर दोन-तीन तास चालण्याची तयारी हवी. ज्यांना ते झेपणार नाही, त्यांच्यासाठी बंदरापासून सुमारे २ किलोमीटरवर राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. बंदरासमोरच्या ‘म्युनिचिपिओ’ स्थानकावरून मेट्रोने तिसरे स्थानक ‘म्युझेओ’. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते. जहाज कोणत्या वारी पोहोचते, ते आधी पाहावे.

धाराशिवच्या माणसाने तेथे जावे, याला आणखी एक कारण आहे. १९३८ मध्ये पाँपेईच्या उत्खननात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना दासी, घडण अस्सल भारतीय. ‘पाँपेईची लक्ष्मी’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. पुढे अनेक अभ्यासकांनी ती यक्षी असावी, असे मत मांडले. ती याच संग्रहालयात आहे. ज्या राखीव दालनात ती ठेवली आहे, तेथे प्राचीन रोमन शृंगारिक वस्तूंचा संग्रह आहे. लहान मुले सोबत असल्यास त्याचा विचार करावा. दालन त्या दिवशी उघडे आहे का, हेही तिकीट घेतानाच विचारावे.

ही मूर्ती नेमकी कोठे घडली, यावर एकमत नाही. परंतु तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती ज्या मोजक्या ठिकाणी मिळाल्या, त्यांत जालना जिल्ह्यातील भोकरदन आहे आणि आपले तेरही आहे.

तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इ.स. पहिल्या शतकातील एका अनाम ग्रीकभाषी व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्या ग्रंथात त्याची नोंद आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. तगरचे जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून भडोचला जात असे. तेथून तांबड्या समुद्रातील बंदरे, मग नाईल नदी, अलेक्झांड्रिया आणि शेवटी इटली. अलेक्झांड्रियाची जहाजे ज्या पुतिओली बंदराला लागत, ते आजचे पोत्सुओली नेपल्सच्या शेजारीच आहे. मराठवाड्याच्या मालाची ही वाट दोन हजार वर्षांपूर्वीची. त्या व्यापाऱ्यांना परतीची तारीख ठाऊक नसे. ती वाऱ्यावर अवलंबून असे.

आजच्या प्रवाशाला मात्र परतीची घटका चुकवून चालत नाही. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी परतणे आवश्यक असते. जहाजाच्या अधिकृत सहलीची बस अडकली, तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यासाठी थांबत नाही. जहाजावरील घड्याळ आणि बंदरावरील वेळ कधी भिन्न असते, तीही पडताळावी. मार्गात तुर्कस्तानसारखा शेंगेन क्षेत्राबाहेरचा देश असेल आणि जहाज पुन्हा युरोपात परतणार असेल, तर बहुप्रवेशाचा व्हिसा हवा. प्रवास विमा, त्यातही वैद्यकीय संरक्षण, टाळू नये. समुद्रात भ्रमणध्वनी ‘फ्लाइट मोड’वर ठेवावा; उपग्रह सेवेचे बिल डोळे पांढरे करते.

भोजनाचाही विचार आधीच व्हावा. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचे नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावे. चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतू पाहावा: नेपल्सला जूनमध्ये सूर्यास्त रात्री साडेआठच्या सुमारास होतो, डिसेंबरमध्ये पाचच्याही आत. युरोपीय संघात दुधाची मिठाई नेता येत नाही आणि जहाजावरील ताजे अन्न बंदरात उतरवण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते; खाखरा सोबतीला बरा.

ज्यांना परदेश नको, त्यांनी मुंबईहून कोचीपर्यंतचा मार्ग पाहावा. तेथे मट्टनचेरीत एकाच फेरीत १५६८ मधील ज्यू प्रार्थनामंदिर आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या वस्तीतील धर्मनाथ जैन मंदिर पाहता येते. प्रार्थनामंदिर शनिवारी बंद असते.

सहल कोणतीही असो, निघण्याच्या आधीच्या एखाद्या रविवारी घरातील मुलानातवंडांसह तेरला जाऊन यावे. गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर पाहावे. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातील शेतांतून, पांढरीच्या मातीतून वस्तू गोळा करून जपल्या. त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात त्या नीट पाहाव्यात. जिल्ह्यातील कित्येक जण सिंगापूर पाहून येतात आणि तेर मात्र ‘जवळच तर आहे’ म्हणून राहून जाते. तेर पाहिलेला माणूस नेपल्सच्या त्या दालनात काचेपुढे उभा राहील, तेव्हा सोबतच्या नातवाला सांगण्यासारखे त्याच्यापाशी काही असेल. त्यासाठी जहाजाच्या तिकिटात एक रुपयाही अधिक मोजावा लागत नाही.