ऑक्सिजनचा दाब कोण पाहतो?

नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पाइपलाइनमधला दाब घसरला आणि २२ रुग्ण दगावले. पुढे ११ मे रोजी गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटे दोन ते सहा या चार तासांत २६ रुग्णांचा मृत्यू झाल्याचे खुद्द तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. ऑक्सिजनचा दाब कमी होत असल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली.

या घटनांनंतर आपण टाक्या बसवल्या. पीएम केअर्स निधीतून देशभरात बाराशेहून अधिक पीएसए प्रकल्प मंजूर झाले. साठ्याचा प्रश्न बराचसा सुटला. दाबाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष अजूनही कमी आहे.

द्रवरूप ऑक्सिजन टाकीत उणे १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्याच्या एका लिटरपासून साधारण ८६० लिटर वायू तयार होतो. तो तांब्याच्या नळ्यांतून सुमारे ४ बार दाबाने खाटेपर्यंत येतो. हाय-फ्लो यंत्रावरचा एक रुग्ण मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू घेऊ शकतो. असे दहा-पंधरा रुग्ण एकाच वेळी असले की टाकी भरलेली असूनही लांबच्या वॉर्डात दाब पडू शकतो. म्हणून टाकीजवळचा काटा बरोबर आहे, एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. अतिदक्षता विभागाच्या नळीवर स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक मापक आणि अलार्म हवा. दाब नेहमीपेक्षा साधारण २० टक्क्यांनी वर किंवा खाली गेला की तो वाजला पाहिजे.

पण मापक बसवला म्हणजे तो खरे सांगेलच असे नाही. इथे अर्थिंगचा संबंध येतो. ईसीजी काढताना अर्थिंग खराब असेल तर रेषा जाड आणि थरथरती येते, हे प्रत्येक डॉक्टरने पाहिले आहे. हृदय ठीक असते, थरथर विजेची असते. नळीवरच्या मापकाचेही तसेच होते. त्याचा सूक्ष्म विद्युत संदेश लांब केबलमधून येतो. केबलभोवतीच्या जाळीला दोन्ही टोकांना वेगवेगळी अर्थिंग दिली, तर त्या जाळीतूनच नको असलेला प्रवाह फिरतो आणि आकडे उड्या मारू लागतात. म्हणून अशा केबलची जाळी सहसा एकाच टोकाला जोडतात. मापक उघड्यावर असेल तर वळवाच्या पावसातली वीज हा आणखी एक धोका. चांगली अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर नसेल तर जवळ पडलेली वीजही मापक निकामी करू शकते.

उड्या मारणाऱ्या आकड्यांचा परिणाम तांत्रिक राहत नाही. रात्रीत चार वेळा खोटा अलार्म वाजला की पाचव्या वेळी कोणीतरी त्याचा आवाज बंद करतो. खरा अलार्म वाजतो तो त्यानंतर.

नळीचेही नियम आहेत. ऑक्सिजनची धातूची नळी इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली असावी. पण एखाद्या यंत्राची अर्थिंग म्हणून तिचा वापर कधीही करू नये. मापक जोडताना तेल किंवा ग्रीसचा हात लागता कामा नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलकट थर पेट घेऊ शकतो.

हे सगळे ज्ञात आहे. मग अडते कुठे? सरकारी रुग्णालयात वीज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे असते, गॅसची पाइपलाइन ठेकेदाराकडे, वैद्यकीय उपकरणांची देखभाल आणखी तिसऱ्याकडे. मापक या तिघांच्या सीमेवर बसतो. तो बिघडला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि डबा भिंतीवर तसाच लटकत राहतो. २७ डिसेंबर २०२२ रोजी देशभर कोविड सज्जतेची रंगीत तालीम झाली. तशा तालमीत प्रकल्प चालू होतो का हे दिसते. रात्री तीन वाजता अतिदक्षता विभागातला अलार्म कोणी ऐकतो का, हे वेगळे तपासावे लागते.

उपाय खर्चिक नाहीत. मापक, केबल आणि अर्थिंग यांची जबाबदारी लेखी आदेशाने एकाच अधिकाऱ्याकडे द्यावी. अर्थिंगचा रोध पावसाळ्यापूर्वी आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना मोजावा, आकडा वहीत लिहावा. इलेक्ट्रॉनिक मापकाशेजारी साधा काट्याचा गेजही ठेवावा. दोघांचे आकडे सिस्टरने प्रत्येक पाळीला नोंदवावेत. ते जुळले नाहीत तर कोणाला फोन करायचा, तो नंबर डब्यावरच चिकटवावा. महिन्यातून एकदा अलार्म मुद्दाम वाजवून पाहावा.

आम्ही रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावतो. पण दाब पडला की तिथला आकडा घसरतो तो सर्वांत शेवटी. भिंतीवरचा मापक खरा असेल, तर सिलिंडर जोडायला हाताशी थोडी मिनिटे मिळतात.