चाचण्यांतील नोंदींची मुस्कटदाबी

पायथनमधील चाचण्यांचा संच चालविताना पडद्यावर हिरव्या ठिपक्यांपलीकडे काहीही उमटू नये, आणि उमटलेच तर ते लिहिणाऱ्याच्या गबाळेपणाचे लक्षण समजावे, असे एक मत हल्ली, विशेषतः शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून सातारा-सांगलीची एसटी गाठण्याच्या घाईत असलेल्या तरुण मंडळींत, बरेच रूढ झालेले दिसते. या मताचे अनुयायी संचाच्या आरंभीच ‘लॉगिंग.डिसेबल(लॉगिंग.क्रिटिकल)’ अशी एक ओळ लिहून सर्व नोंदींना सरसकट मनाई करतात आणि निश्चिंत होतात. त्यांचा पक्ष अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. शेकडो चाचण्यांच्या नोंदी एकदम पडद्यावरून धावू लागल्या म्हणजे खरा दोष त्या गर्दीत कोठे दडला हे शोधता शोधता डोळे शिणतात, हे कोण नाकारील? परंतु त्रास नोंदी दाखविण्याचा आणि बंदी नोंदी करण्यावर, हा न्याय मात्र आम्हांस मान्य नाही.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर चढले होते. समजा, या पातळीची वाचने घेऊन इशारा द्यावयाचा की नाही हे ठरविणारा एक प्रोग्रॅम कोणी लिहिला, आणि एखादे वाचन उमजले नाही तर त्यामागचे वाचन ग्राह्य धरावे व ‘वॉर्निंग’ दर्जाची नोंद करावी, अशी त्यात तजवीज ठेवली. आता चाचणीसाठी पाच वाजताचे वाचन ३९.५ असे दिले आणि सहाचे ३९ फूट १० इंच असे फूट-इंचांच्या चिन्हांनी लिहिले. ती चिन्हे प्रोग्रॅमला वाचताच येत नाहीत. तो मुकाट्याने पाचचे वाचन पुढे ओढतो, ‘इशारा नको’ असे उत्तर देतो, आणि अपेक्षित उत्तरही तेच असल्यामुळे चाचणी उत्तीर्ण होते. कारण चुकीचे, उत्तर बरोबर! पुढे खरोखरीच्या पावसात ४० फूट २ इंच असे वाचन आले तरी हाच प्रकार घडणार आणि इशारा निघणार नाही. या सगळ्याचा एकमेव साक्षीदार म्हणजे ती ‘वॉर्निंग’ची नोंद; आणि आरंभीच्या त्या एका ओळीने तिलाच बेदखल केलेले असते.

आणखी एक गोष्ट या मंडळींच्या ध्यानात येत नाही. नोंदच बंद असली म्हणजे तिचा मजकूरही जुळविला जात नाही. त्यामुळे मजकुरात दोन जागा आणि पुरविलेले मूल्य एकच, असली चूक चाचणीत कधीच उघडकीस येत नाही. उलट ‘पायटेस्ट’ या चाचण्या चालविणाऱ्या साधनाच्या ६.० या आवृत्तीपासून असल्या सदोष नोंदीवर चाचणीच नापास होते. हा फुकटचा पहारेकरी आपण होऊन घरी पाठविण्यात कसले शहाणपण आहे?

दुसऱ्या टोकाचा पक्ष असा की ‘लॉग_सीएलआय’ चालू करून सर्व काही चालता चालता पडद्यावर ओतावे. एखादी अडून बसलेली चाचणी न्याहाळताना ते ठीक. रोजचा शिरस्ता म्हणून नव्हे. असल्या महापुरालाच कंटाळून पहिला पक्ष जन्मास आला.

आमची तजवीज अशी की नोंद पुरी करावी आणि दाखविताना निवड करावी. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दफ्तरातून सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशीतील उतारे निवडून काढले, ते कारकुनांनी रोजच्या रोज सारे लिहून ठेवले होते म्हणूनच. काय लिहावे याची निवड त्या कारकुनांनीच करून टाकली असती तर वाडांच्या हाती कोरे कागद येते. २००३ साली पायथनच्या २.३ आवृत्तीत आलेल्या लॉगिंगच्या व्यवस्थेतही नोंद स्वीकारणारा ‘लॉगर’ निराळा आणि ती पोचविणारा ‘हँडलर’ निराळा, असा भेद मुळापासून आहे. सबब ‘पायटेस्ट’च्या मांडणीत ‘लॉग_लेव्हल’ ‘डीबग’वर ठेवावी आणि ‘लॉग_सीएलआय’ बंदच असू द्यावे: उत्तीर्ण चाचणी मौन पाळते, नापास झालेलीच्या अहवालाखाली तिची सारी कैफियत आपोआप येते. ‘यूआरएललिब३’सारखी परकी वाचाळ लायब्ररी असेल, तर तेवढ्या एका ‘लॉगर’ला ‘वॉर्निंग’पर्यंत आवरावे, एकाच्या बडबडीपायी सर्वांचे तोंड बांधू नये.

यावर आक्षेप येतो की नोंदींवर चाचण्या लिहिल्या तर शब्द बदलताच चाचण्या मोडतात. शब्दन्‌शब्द ताडून पाहिला तर मोडतील खऱ्याच. पण तसे करण्यास सांगितले कोणी? चाचणीपुरत्या नोंदी पकडून ठेवणाऱ्या ‘पायटेस्ट’च्या ‘कॅपलॉग’मधून नोंदीचा दर्जा आणि ‘लॉगर’चे नाव एवढेच पाहावे, म्हणजे मजकूर खुशाल सुधारता येतो. आमच्या उदाहरणात ‘वॉर्निंग’ दर्जाची एकही नोंद होता कामा नये एवढी एक अट घातली असती, तरी ते फूट-इंचांचे प्रकरण पहिल्याच दिवशी उघडे पडते. ‘युनिटटेस्ट’ वापरणाऱ्यांसाठी ‘असर्टलॉग्ज’ पायथन ३.४ पासून आणि ‘असर्टनोलॉग्ज’ ३.१० पासून हजर आहे.

एवढे करूनही ‘कॅपलॉग’च्या हाती काहीच लागत नसेल, तर दोन ठिकाणी झडती घ्यावी. एखाद्या ‘लॉगर’चे ‘प्रॉपगेट’ कोणी बंद केले असेल, तर त्याची नोंद मुळाशी असलेल्या ‘लॉगर’पर्यंत पोचतच नाही, आणि ‘कॅपलॉग’ बसलेला असतो तेथेच. किंवा ‘डिक्टकॉन्फिग’ने आधीपासूनचे ‘लॉगर’ निकामी केले असतील. कारण ‘डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स’चे मूल्य स्पष्ट लिहिले नाही, तर ते ‘ट्रू’ धरले जाते.