चौसष्ट गुण आणि न सांगितलेले नियम

शाळेपासून नव्वदीच्या खाली न उतरलेली अमेरिकन मुलगी ब्रिटनमधल्या विद्यापीठात जाते, पहिला निबंध लिहिते आणि तो परत येतो तेव्हा त्यावर ६४ हा आकडा असतो. अमेरिकेत सर्रास चालणाऱ्या श्रेणींच्या हिशेबात ६४ म्हणजे ‘डी’, जेमतेम काठावर. ब्रिटनमध्ये मात्र ४० ला पास, ७० पासून ‘फर्स्ट’ आणि ६० ते ६९ म्हणजे ‘अप्पर सेकंड’. चांगल्या नोकरीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी बहुतेक ठिकाणी मागतात तोच वर्ग. इतिहास-साहित्यासारख्या विषयांत ८० च्या वर गुण देणारा परीक्षक तिथे विरळाच. मराठी घरात हे फार समजावून सांगावे लागत नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले आणि साठ टक्क्यांना ‘फर्स्ट क्लास’ म्हणत आपल्या पिढ्या वाढल्या. अमेरिकन मुलीला हे माहीत नसते. त्यातच समासात शेरा असतो, ‘क्वाइट गुड’. अमेरिकेत या शब्दांचा अर्थ ‘चांगलेच जमले आहे’ असा होतो. ब्रिटिश प्राध्यापकाला बहुधा म्हणायचे असते, ‘बरे आहे, पण अजून हवे’. म्हणजे गुण तिने होते त्याहून वाईट समजून घेतले आणि शेरा होता त्याहून चांगला. दोन्ही तिच्या मातृभाषेत लिहिलेले होते.

परदेशी शिकायला गेलेल्यांच्या पहिल्या आठवड्यांबद्दल बोलताना भाषा हा मोठा अडसर मानला जातो, आणि म्हणून ब्रिटनला गेलेल्या अमेरिकनाला सगळे सोपे जात असेल, असे आपण धरून चालतो. मला नेमके उलटे वाटते. त्याची खरी अडचण ही सामायिक भाषाच आहे. चीनहून किंवा ब्राझीलहून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की इथले आपल्याला काही कळत नाही, विचारले पाहिजे. यजमानालाही ते ठाऊक असते. अमेरिकन विद्यार्थी आणि ब्रिटिश प्राध्यापक यांना मात्र एकमेकांचे प्रत्येक वाक्य कळते, म्हणून कुणीच काही विचारत नाही. ‘कोर्स’ म्हणजे अमेरिकेत एका सत्राचा एक विषय, ब्रिटनमध्ये बहुधा अख्खा पदवी अभ्यासक्रम. ‘रिव्हिजन’ म्हणजे तिकडे लिहिलेला मजकूर सुधारणे, इकडे परीक्षेची उजळणी. शब्दांचे घोटाळे महिन्याभरात निस्तरतात. त्यांच्या मागे शिक्षणाची जी वेगळी कल्पना उभी आहे, ती मात्र नजरेला पडत नाही.

अमेरिकेत पदवी चार वर्षांची. पहिली दोन वर्षे गणितापासून तत्त्वज्ञानापर्यंत सगळीकडे फिरायची मुभा असते आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवला तरी चालतो. सत्राच्या पहिल्या तासाला हातात पडणारा ‘सिलॅबस’ जवळजवळ करारासारखा असतो: कोणत्या तारखेला किती पाने वाचायची, कोणत्या चाचणीला किती टक्के, हजेरीला किती. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, कारण मुले शाळेच्या शेवटच्या ‘ए लेव्हल’ परीक्षेला बहुधा तीनच विषय घेऊन आलेली असतात आणि पहिल्या दिवसापासून एकाच विषयात उतरतात. (स्कॉटलंडमध्ये चार वर्षे लागतात आणि सुरुवातीला दोन-तीन विषय घेता येतात, तिथल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडे अमेरिकन मुले मोठ्या संख्येने वळतात त्यामागे हेही एक कारण असावे.) वर्षाला १२० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास, असा तिथला हिशेब आहे. वीस क्रेडिटच्या विषयाला दोनशे तास, आणि मानव्यविद्यांत त्यांतले वर्गात जाणारे तास बहुधा पाचव्या हिश्श्याहूनही कमी. उरलेला सगळा वेळ ग्रंथालयाचा. नव्या विद्यार्थ्याला वेळापत्रकात फक्त मोकळ्या दुपारी दिसतात. वाचनयादीत चाळीस पुस्तके असतील तर घरच्या सवयीने तो ती नेमून दिलेला अभ्यास समजतो आणि घाबरतो, किंवा चाचणी नाही म्हणजे घाई नाही असे समजून निर्धास्त राहतो. त्या चाळीसांतून आपल्या प्रश्नाला लागणारी सहा-सात निवडणे हाच अभ्यास आहे, हे त्या यादीवर कुठेही छापलेले नसते.

बाकीच्या अडचणींतून मुले लवकर वाट काढतात. वसतिगृहात खोली स्वतंत्र मिळते, पण मेस नसेल तर सामायिक स्वयंपाकघरात स्वतःचे पातेले घेऊन उभे राहावे लागते. एकवीस वर्षांखाली दारूला बंदी असलेल्या देशातून आलेल्याला अठराव्या वर्षी पबमध्ये उघड बसता येते. अलास्का सोडली तर जवळपास सगळ्या अमेरिकेपेक्षा ब्रिटन उत्तरेला आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे गेली की चहाच्या वेळेला अंधार पडू लागतो. हे सगळे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची तयारी करता येते.

न दिसणारे नियम मात्र विद्यापीठानेच उघड सांगायला हवेत. यावर पहिला आक्षेप असा की विद्यापीठातली मुले सज्ञान असतात. ठेच लागूनच शहाणपण येते आणि बोट धरून चालवले तर ब्रिटिश पद्धतीचा गाभाच नष्ट होईल. या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे. एका प्रश्नावर आठवडाभर एकट्याने वाचून आपले मत बांधणे आणि ते जाणत्या माणसासमोर टिकवून दाखवणे, याहून चांगले शिक्षण मला माहीत नाही. पण अवघड काम देणे वेगळे आणि काम काय आहे तेच न सांगणे वेगळे. ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे पहिले अमेरिकन १९०४ साली ऑक्सफर्डला पोचले. ते निवडक होते आणि ट्युटोरियलमध्ये शिक्षकासमोर बसून आपला निबंध वाचून दाखवत. चूक झाली तर त्याच बैठकीत कळे. आज शेकडोंच्या वर्गात बसणाऱ्याला ती सोय नाही, अपेक्षा मात्र बव्हंशी तीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकन मुले तुलनेने सुखवस्तू घरांतली, इंग्रजी त्यांचे स्वतःचे. विद्यापीठाने आधी लक्ष द्यावे ते भाषेशी झगडणाऱ्यांकडे. हे मान्य केले तरी माझा मुद्दा तसाच उभा राहतो, कारण नियम उघड सांगितल्याने कुणाचा वाटा कमी होत नाही. घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा ब्रिटिश मुलगाही वाचनयादी कशी वापरायची हे जन्मतः जाणत नाही, आणि पुण्या-नाशकाहून गेलेला आपला विद्यार्थीही नाही. ६० म्हणजे काय हे त्याला कळते, पण नेमलेल्या पुस्तकापलीकडे जाऊन स्वतःचे म्हणणे मांडा, ही अपेक्षा त्यालाही नवी असते.

करायचे ते फार नाही. तिसऱ्या आठवड्यात सर्वांकडून हजार शब्दांचा निबंध लिहून घ्यावा, त्याचे गुण कुठेही धरू नयेत, आठवड्याच्या आत तो परत द्यावा आणि प्रत्येकाशी दहा मिनिटे समोरासमोर बोलावे. सोबत ५५, ६५ आणि ७५ गुणांचा एकेक जुना निबंध नावे काढून वाचायला द्यावा. ज्यांचे गुण धरले जात नाहीत अशी कामे तिथे आजही असतात, पण सत्र निम्मे सरल्यावर हाती येतात. याला शिक्षकांचा वेळ लागतो, हे खरे. पण इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्याचे वार्षिक शुल्क २०२५-२६ साठी ९,५३५ पौंडांवर बांधलेले आहे, तर परदेशी विद्यार्थ्याकडून बहुतेक ठिकाणी त्याच्या दीडपट-दुपटीहून अधिक घेतात. एवढे पैसे घेणाऱ्या संस्थेने प्रत्येकामागे दहा मिनिटे काढलीच पाहिजेत.

हे निकडीचे आहे, कारण बरीच अमेरिकन मुले एकाच सत्रासाठी येतात. सप्टेंबरात पोचतात, नोव्हेंबरात पहिला निबंध परत मिळतो, थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी नेहमीसारखीच व्याख्याने असतात आणि डिसेंबरच्या मध्यावर सामान बांधावे लागते. इथे काय हवे होते हे उमगल्यावर लिहिलेला पहिला निबंध हाच त्यांचा शेवटचा. त्याचे गुण जानेवारीत लागतात, तेव्हा ती ओहायोत किंवा टेक्ससमध्ये आपल्या जुन्या वर्गात बसलेली असतात.