यादीत नाव नाही म्हणून डोंगर थांबत नाही

पुणे : पाऊस लागला की दरडप्रवण गावांची यादी निघते आणि यादीत नसलेली वाडी निवांत झोपते. खरा घोळ तिथंच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी गाडली गेली, ती यादीत नव्हती. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला सकाळी गेलं, दीडशेच्या आसपास माणसं दगावली. गाव दिसत नाही हे आधी कळलं एसटीच्या चालकाला.

दोन्हीकडे आधी संततधार होती. माती पाणी पिऊन जड होते, कातळावरची पकड सुटते. म्हणून मोबाईलवरचा नुसता आजचा अलर्ट बघून भागत नाही, मागच्या तीन दिवसांचा पाऊसही धरावा लागतो. सरळ काठाचा डबा अंगणात ठेवला तरी अंदाज येतो.

वाडीच्या वर भेग पडली, विजेचा खांब कलला, झऱ्याला अचानक गढूळ पाणी आलं, तर साहेबांची वाट बघू नये. दावणीची गुरं सोडावीत, म्हातारी-पोरं उजेडातच हलवावीत. इर्शाळवाडीला पायवाटच होती, अंधारात मदत चढायला वेळ गेला. ओढ्याच्या कडेनं पळू नये, राडारोडा तिथूनच उतरतो. हलवायचं ते बहुतेक शाळेत. ती शाळा त्याच उताराखाली नाही ना, हे ग्रामसभेनं पावसाआधीच बघून ठेवावं.