लेख धाडण्याआधी ग्रामसभेत वाचा!



आपल्या गावांत शिकलेली माणसं वही घेऊन येतात. मोहफुलं किती पायली झाली, तेंदूच्या हंगामात घरात किती पैसे आले, बांबू कुणाला विकला, कर्ज कुणाचं, सगळं विचारतात. आपल्या बाया हातचं काम टाकून सांगत बसतात. मग ते जातात, 'आदिवासींचा आर्थिक विकास' अशा नावाने इंग्रजीत लेख लिहितात आणि विद्वानांच्या नियतकालिकाकडे धाडतात. त्यात आपल्याबद्दल काय लिहिलं, ते आपल्याला कधी कळत नाही. आम्ही म्हणतो, ही रीत बंद झाली पाहिजे.

लेख छापून कसा येतो, ते बघा. संपादक तो दोन-तीन दुसऱ्या जाणकारांकडे तपासायला देतो. बहुतेकदा कुणी लिहिला हे त्यांना सांगत नाहीत, म्हणजे ओळखीपाळखी चालू नये. रीत वाईट नाही. पण त्या तपासणाऱ्यांत तेंदूच्या फळीवर उभं राहिलेलं किती जण असतील? 70 पानांचा एक पुडा. मुन्शी त्यातले काही खराब म्हणून बाजूला सारतो, त्यांचे पैसे देत नाही, आणि तेच पुडे पुढे ठेकेदाराच्या बोऱ्यात भरले जातात. हे ज्याने पाहिलं नाही तो काय तपासणार? त्याला वाटतं आदिवासीला हिशेब येत नाही म्हणून तो गरीब!

छापल्यावर पुष्कळदा लेखाचा हक्क प्रकाशकाकडे जातो, आणि एक लेख वाचायलाही डॉलरात पैसे मोजावे लागतात. लिहिणाऱ्याचं मात्र भलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी छापलेल्या लेखांचे गुण धरले. गुण त्यांचे, गावाला काय?

कुणी म्हणेल, मग माहितीच देऊ नका. ते आम्हाला मान्य नाही. लिहिण्यावाचण्याने गाव लढतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट बसतात, गावचे आणि बाहेरचे एकत्र. 2009 साली त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकताना वाहतूक परवाना अडला. 1927 च्या कायद्यात तेव्हा, म्हणजे 2017 पर्यंत, बांबू झाडात मोडत होता, हे खात्याचं म्हणणं. 2006 च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज आहे, हे गावाचं. शेवटी 2011 साली परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

त्याच 2006 च्या कायद्याच्या कलम 3(1) मध्ये जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क लिहिला आहे. कॅनडातल्या आदिवासींनी तर 1998 सालीच ठरवलं की त्यांच्याबद्दलच्या माहितीची मालकी, तिच्यावरचं नियंत्रण, ती बघण्याचा हक्क आणि ताबा त्यांचा. तिथे आदिवासी आर्थिक विकासाचं काम करणाऱ्यांची संघटना 1999 पासून नियतकालिक काढते. त्यात प्राध्यापकांच्या लेखांबरोबर गावात काम करणाऱ्यांच्या अनुभवालाही जागा आहे. मग आपण का नाही लिहायचं?

ज्याला लेख धाडायचा त्याने आधी तो ग्रामसभेत वाचावा, गोंडीत, माडियात, जी बोली असेल तीत. चूक असेल ती गाव दाखवेल. लिहिणाऱ्याचं मत वेगळं असलं तर ठेवू दे, आमची जबरदस्ती नाही, पण गावाचं म्हणणंही त्याच लेखात छापावं. कोणती मुळी कशावर देतात आणि ती कुठल्या रानात मिळते, हे गावाला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. आणि ग्रामसभेतही चार दादा बोलतात, बाया मागे बसतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून वाचन बायांच्या बैठकीतही झालं पाहिजे. मोह वेचतात त्याच.

तेंदूच्या हंगामाआधी प्रत्येक गावाने असा ठराव करून नक्कल संघटनेकडे द्यावी. शाळा शिकलेल्या पोरापोरींनी यंदापासून वही ठेवावी: कोणत्या दिवशी किती पुडे दिले, किती खराब म्हणून सारले, मोहाला कुणी काय भाव दिला. आपला पहिला लेख त्यातूनच लिहू. वह्या संघटनेच्या कचेरीत आणून ठेवल्या आहेत.