गाडीच्या जागेत माणूस

बँकेच्या नोकरीने मला एक खोड लावली आहे. कुणाच्या नव्या घरी गेलो की भिंतींचा रंग पाहण्याआधी मनात येतं, नकाशा मंजूर आहे ना? गृहकर्जाच्या टेबलावर वर्षं काढली की असं होतं. २०२३च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेस्टरला लेकीकडे गेलो, तेव्हाही तेच झालं. घराला लागून असलेलं गॅरेज रिकामं करून तिथे आमच्यासाठी खोली करायचं तिने आणि जावईबापूंनी ठरवलं होतं. मी विचारलं, "परवानगी घेतलीस का गं?"

"बाबा, इथे परवानग्या दोन असतात."

ही दोन परवानग्यांची गोष्ट मला नवी होती. पहिली नियोजनाची. काम घराच्या आतच असेल आणि घर वाढणार नसेल, तर इंग्लंडात गॅरेजच्या बदलाला ती बहुधा लागत नाही. दुसरी बांधकाम-नियमांची, आणि ती सहसा चुकत नाही. गॅरेज मोटारीसाठी बांधलेलं असतं. भिंत बरेचदा एकेरी विटेची, जमीन घरापेक्षा खाली, ओल अडवणारा थर असेलच असं नाही. मोटारीला थंडी वाजत नाही, ओलीने दमा होत नाही आणि रात्री आग लागली तर तिला जीव वाचवायचा नसतो. माणसाचं तसं नाही.

कौन्सिलचा निरीक्षक टप्प्याटप्प्याने येऊन गेला. शटरच्या जागी घातलेल्या भिंतीचा पाया, फरशीखालचा ओल अडवणारा कागद, भिंतीतलं थंडी रोखणारं अस्तर, हे सगळं झाकलं जाण्याआधी त्याने पाहिलं. शेवटी टेप काढली ती खिडकीसाठी. आमच्या खोलीची वाट बैठकीच्या खोलीतून होती. तिथे आग लागली तर बाहेर पडायला खिडकीच उरणार. म्हणून तिची उघडणारी जागा किमान ०.३३ चौरस मीटर हवी, रुंदी आणि उंची ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि खालची कड जमिनीपासून ११०० मिलिमीटरच्या वर नको. माझ्या पोटाकडे पाहत तो हसून म्हणाला, "तुम्हीसुद्धा बाहेर पडाल!" मीही हसलो. पण त्या खोलीतल्या पहिल्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण गॅरेज पुण्यातल्या आमच्या बंगल्यालाही आहे. वडिलांनी ते फियाटसाठी बांधलं होतं. फियाट गेली, वडील गेले. २०११मध्ये मी शटर काढून भिंत घातली, दार बसवलं, मागे न्हाणीघर काढलं. खिडकी एकच, चोराच्या भीतीने तिचं लोखंडी ग्रिल भिंतीत पक्कं केलं. तेव्हापासून तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं भाड्याने राहत आली. महापालिकेकडे अर्ज केला नाही. मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, आतल्या आत काम आहे, कोण बघतंय?" आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे नकाशे तपासलेले साहेब गप्प बसले.

का गप्प बसलो? आपल्याकडे गाडीची जागा सहसा चटईक्षेत्रात, म्हणजे एफएसआयमध्ये, धरत नाहीत. तीच राहायची खोली केली की धरावी लागते. एफएसआय शिल्लक नसेल तर प्रश्नच मिटला. असेल तरी गाडीची जागा दुसरीकडे दाखवा. त्यामुळे परवानगी म्हटलं की आपल्याला चौरस फूट आठवतात, मग हेलपाटे आणि टेबलाखालचे व्यवहार. ही तक्रार खोटी नाही. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर जागा आणि २.७५ मीटर उंची सांगते, उजेड-वाऱ्याचाही विचार करते. पण जागेच्या हिशेबात खोलीत झोपणारा माणूस मागे पडतो.

त्यात नियमितीकरणाची भर. गुंठेवारीचा कायदा २००१मध्ये आला, तो १ जानेवारी २००१पूर्वीच्या बांधकामांसाठी. २०२१मध्ये ती तारीख सरकून ३१ डिसेंबर २०२० झाली. गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर टिकावं हा हेतू मान्य. पण बँकेत आम्ही एक गोष्ट पाहिली होती : थकबाकीदाराला वरचेवर माफी मिळाली की वेळेवर हप्ता भरणारा वेडा ठरतो. इंग्लंडातही झालेलं काम मागाहून नियमित करून मिळतं. मात्र अधिकारी सांगू शकतो, भिंत फोडून आत काय आहे ते दाखवा. आपल्याकडे सारं लक्ष दंडाच्या आकड्याकडे.

तिकडे सगळं सोन्याचं आहे असं नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली आणि ७२ माणसं गेली. त्या इमारतीच्या नव्या बाह्य आवरणाच्या कामालाही तपासणी लागू होतीच. कागद असून जीव जातात; मग कागदच नसेल तेव्हा काय, हा विचार अधिक भिववणारा.

हे सगळं कळून मी परत आलो आणि काहीच केलं नाही. भाडं दरमहा येत होतं.

२७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत जुन्या राजिंदर नगरमध्ये पावसाचं पाणी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात शिरलं. तिथल्या वाचनालयात अडकलेली स्पर्धा परीक्षेची तीन मुलं बुडून मेली. तळघराला परवानगी होती ती वाहनं आणि सामान ठेवण्यासाठी. बातमी पाहिल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. मुलांना म्हटलं, "दाराशी आग लागली आहे असं समजा. बाहेर या." दोघांनी खिडकीकडे पाहिलं, मग ग्रिलकडे, मग माझ्याकडे. एक म्हणाला, "काका, कसं येणार?"

त्याच आठवड्यात ती दोघं वर, लेकीच्या जुन्या खोलीत आली. भाडं घेणं बंद केलं.

१७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात बँकांनाही बजावलं : भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला तपासल्याशिवाय इमारतीवर कर्ज देऊ नका. निकाल वाचून बरं वाटलं आणि शरमही वाटली. मी नकाशे पाहिले. खोल्या किती पाहिल्या? शिवाय तो दाखला इमारत पुरी होताना मिळतो. माझ्या बंगल्यालाही तो होता. त्यानंतर चाळीस वर्षांनी गॅरेजमध्ये माणूस राहायला आला, ते पाहायला कुणी आलं नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडेही या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. जागेचा हिशेब नगररचनेने खुशाल करावा. पण घरातल्या लहान बदलासाठी सुरक्षिततेची साधी, ठरल्या मुदतीतली तपासणी असावी. वाट किती, वारा किती, वायर कशी, एवढंच पाहणारी. आणि ती होईपर्यंत प्रत्येक घरमालकाने भाडेकरूच्या खोलीत उभं राहून स्वतःला तो एकच प्रश्न विचारावा.

वास्तुविशारदाकरवी मी अर्ज केला आहे. ग्रिल कापून आतून उघडणारं बसवलं आहे. मंजुरी मिळाली तर खोली, नाही मिळाली तर पुन्हा गॅरेज. सौ. म्हणते, "आपल्याकडे आता गाडी कुठे आहे?" नसेना का. मोकळ्या गॅरेजशेजारी मला झोप तरी लागते.